झाडाची चौकशी कोण करणार?

माघ-फाल्गुन आला की वाशीच्या बाजारात हापूसची पेटी उतरते, तिला हार घातला जातो, नारळ फुटतो आणि तिचा भाव काय निघाला ह्याची वार्ता दुसऱ्या दिवशी सर्व पत्रांतून झळकते. कार्तिक-मार्गशीर्षात आंबिया बहाराचे संत्रे नागपूरच्या बाजारात आले म्हणजे त्याच्याही भावाची अशीच चर्चा होते. फळाच्या भावाची चौकशी व्यापारी करितो, गिऱ्हाईक करिते, सरकारही करिते. पण ज्या झाडाने ते फळ दिले त्याच्या प्रकृतीची चौकशी करणारा मात्र शोधूनच काढावा लागतो. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण आपल्या घराघरांत ठाऊक आहे. तथापि फळांच्या व्यापाराचा प्रश्न आला की आपण पोहऱ्याला कल्हई करण्यात गुंततो आणि आड आटत चालला आहे हे पाहावयास विसरतो. म्हणून आज आम्ही भावाचा प्रश्न बाजूस ठेवून झाडाचा प्रश्न वाचकांपुढे मांडणार आहो.

लागवडीच्या बाबतीत हे राज्य मागे आहे असे कोणी म्हणणार नाही. १९९० साली महाराष्ट्र सरकारने रोजगार हमी योजनेशी सांगड घालून फळबाग लागवडीचा कार्यक्रम हाती घेतला, आणि तेव्हापासून कोकणच्या वरकस डोंगरउतारापासून सोलापूरच्या माळरानापर्यंत लाखो हेक्टर जमीन आंबा, काजू, डाळिंब, बोर, संत्रे इत्यादी झाडांखाली आली. हे श्रेय ज्यांचे त्यांस दिलेच पाहिजे. परंतु झाड लावणे ही एक गोष्ट आणि झाडापासून दरसाल भरवशाचे उत्पन्न घेणे ही दुसरी. कोकणात हापूसचे सरासरी उत्पन्न हेक्टरी दोन-तीन टनांच्या आसपास घुटमळत आहे. त्याच मातीत व त्याच पावसात काळजीपूर्वक राखलेल्या बागा ह्याहून पुष्कळ अधिक देतात. एका साली झाड फळांनी लवते आणि दुसऱ्या साली पानांखेरीज त्यावर काही दिसत नाही. जमीन तीच, जात तीच, तरी हे अंतर का पडावे? ह्या प्रश्नाचे उत्तर नशिबात शोधावयाचे की शास्त्रात, हा खरा मुद्दा आहे.

कोणी म्हणेल, शेतकरी स्वतःच अनुभवाने शिकतो, त्यास प्रयोगशाळेची गरज काय? ज्वारी किंवा भात पेरणाऱ्याच्या बाबतीत ह्या म्हणण्यात काही तथ्य असेल. त्याची चूक एका हंगामात उघडी पडते आणि पुढच्या हंगामात सुधारिता येते. फळझाडाचे तसे नाही. हापूसचे कलम लावल्यापासून पाच-सहा वर्षांनी ते फळास लागते आणि पुढे दोन पिढ्या उभे राहते. संत्र्याचे कलम कोणत्या खुंटावर बांधले आहे हे विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांस दिसत नाही. खुंट वाईट निघाला तर ते कळावयास बाग ऐन भरात यावी लागते, आणि कळते तेव्हा दहा वर्षांचा खर्च व कष्ट मातीस मिळालेले असतात. अशा धंद्यात एकेकट्या माणसाने आपल्या पदरच्या पैशाने प्रयोग करावा म्हणणे म्हणजे त्याने आपल्या आयुष्याचाच प्रयोग करावा असे म्हणण्यासारखे आहे. जो प्रयोग एकास परवडत नाही तो सर्वांनी मिळून करावा लागतो. फळझाडांचे संशोधन सार्वजनिक असले पाहिजे ते ह्याचकरिता.

असे संशोधन आपल्याकडे झालेच नाही असे मात्र कोणी समजू नये. १९३० नंतरच्या दशकात पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चिमा ह्यांनी आळंदीच्या डाळिंबाच्या रोपांतून जी निवड केली, तीच पुढे ‘गणेश’ ह्या नावाने गावोगाव पसरली, आणि अवर्षणी तालुक्यांतील कित्येक कुटुंबांची घरे तिने उभी केली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम व हापूस ह्यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात १९८१ साली दिली, आणि रत्ना व हापूस ह्यांच्या संकरातून अगदी पातळ कोयीची ‘सिंधू’ १९९२ साली. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. आंबा देठासह व न आपटता उतरविणारा ‘नूतन’ झेला आणि फळमाशीचे नर पकडणारा ‘रक्षक’ सापळा ह्या त्याच्याच देणग्या होत. नागपूर येथे १९८५ साली लिंबूवर्गीय फळांकरिता राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. तेव्हा विद्वान नाहीत, संस्था नाहीत, शोध नाहीत, अशी ओरड आम्ही करणार नाही. आमची तक्रार निराळी आहे. शोध व बाग ह्यांच्यामध्ये जो ओढा वाहत आहे त्यावर साकव कोणी बांधिला नाही, ही ती तक्रार होय. तीन उदाहरणांनी ती स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण हापूसच्या आड-साली फळण्याचे. पॅक्लोब्युट्राझॉल नावाचे द्रव्य झाडाच्या मुळांशी दिले असता पालवी फुटण्याचा जोर आवरला जातो आणि झाड मोहराकडे वळते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले, आणि कोकण कृषी विद्यापीठाने त्याचे प्रमाण ठरवून दिले. झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजावा, त्या मानाने मात्रा घ्यावी, ती पावसाळ्यात जुलै-ऑगस्टच्या सुमारास द्यावी आणि झाडास खताचा पुरेसा आधार द्यावा, अशी ती शिफारस आहे. शोध उत्तम, पण बागेत काय घडले? कोकणातील पुष्कळ बागा मालक स्वतः न करिता वर्ष-दोन वर्षांच्या कराराने दुसऱ्यास देतात. करारदारास यंदाचे फळ हवे असते; पुढल्या दहा वर्षांच्या झाडाशी त्यास कर्तव्य नसते. त्याने मात्रा वाढवावी, खत वाचवावे आणि फळ उतरवून निघून जावे, ह्यात मनुष्यस्वभावास धरून आश्चर्य ते कोणते? झाड मात्र खचते, आणि मालक शास्त्रास शिव्या देत बसतो. भाड्याने घेतलेली वस्तू घेतली तशी परत करावी व तिची कायमची खराबी करू नये, हे तत्त्व १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात घातलेले आहे. तथापि त्या कायद्यातील पट्ट्यांचे प्रकरण शेतीच्या पट्ट्यांस आपोआप लागू होत नाही. म्हणूनच मालकाने करारपत्रात मात्रा किती, खत किती व फांदीछाटणी कोणी करावी ह्या अटी स्पष्ट शब्दांनी लिहून घेतल्या पाहिजेत. शिफारशीचे पत्रक आणि करारपत्र ही दोन कागदे आजवर एकमेकांस भेटलेली नाहीत. ती भेटवून देणे हे शास्त्रज्ञाचे काम नव्हे, वकिलाचेही एकट्याचे नव्हे. ते बागाईतदारांच्या संघटनेचे काम आहे.

दुसरे उदाहरण संत्र्याचे. वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या भारी जमिनीत पाणी तुंबले की फायटोप्थोरा ह्या बुरशीस आयतेच रान मिळते. मुळे कुजतात, खोडातून डिंक पाझरतो, झाड वरून वाळत येते. ह्या ‘डिंक्या’चा प्रतिकार कसा करावा हे आज ठाऊक आहे. डोळा जमिनीपासून नऊ इंच उंचीवर बांधलेला असावा, खोडास पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करावे, पावसाळ्यापूर्वी व नंतर खोडास बोर्डो मलम लावावे, जंबेरीचा खुंट ह्या रोगास बळी पडतो म्हणून रंगपूर लिंबासारख्या अधिक सोशिक खुंटाचा विचार करावा, आणि सर्वांत मुख्य म्हणजे कलम रोगमुक्त मातीत वाढलेले असावे. ह्यांपैकी एकही उपाय महागडा नाही. परंतु पहिला व शेवटचा उपाय रोपवाटिकेच्या हाती आहे, बागाईतदाराच्या नव्हे. १९६९ साली ह्या राज्यात फळझाडांच्या रोपवाटिकांचे व कलमांच्या विक्रीचे विनियमन करणारा कायदा झाला. कायदा आहे, परवाने आहेत. पण गावच्या बाजारात गाडीवर कलमे विकणाऱ्यास ‘ह्या डोळ्याची मातृझाडे दाखव’ असे विचारणारा गिऱ्हाईक दिसत नाही. जेथे गिऱ्हाईक विचारीत नाही तेथे कायदा झोपतो, हा आमचा न्यायालयातील व न्यायालयाबाहेरील अनुभव आहे.

तिसरे उदाहरण आमच्या व्यापारी वाचकांस अधिक जवळचे वाटेल. हापूस वरून सोन्यासारखा दिसतो आणि कापल्यावर आत साका निघतो. गिऱ्हाईक नाक मुरडिते आणि व्यापाऱ्याची पत जाते. फळ चौदा आणे तयार असता उतरवावे, ऐन उन्हात तापू देऊ नये, झाडाखालील जमीन पालापाचोळ्याने झाकावी, ह्याने साका कमी होतो हे पाहण्यात आले आहे. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी आणखी पुढे जाऊन साक्याचा संबंध झाडावरच कोयीत सुरू होणाऱ्या अंकुरणाच्या तयारीशी जोडला आहे. ‘रत्ना’ ह्या जातीत तर साका पडत नाही. मग रत्ना बाजारात का दिसत नाही? कारण बाजारास हापूसचे नाव हवे आहे, गुण नव्हे! वेंगुर्ल्याने दोष काढून दिला; पण निर्दोष फळास दुकानात बसावयास पाट कोणी दिला नाही. हा दोष शेतकऱ्याचा म्हणता येणार नाही. तो आमच्या व्यापारी मित्रांनी आपल्या पदरी घ्यावा.

शास्त्राकडे दुर्लक्ष केल्याचे मोल केव्हा ना केव्हा रोखीने द्यावे लागते. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यास दार बंद केले ते फळमाशी सापडली म्हणून. कोणाच्या द्वेषामुळे नव्हे. पुढे तपासणी व प्रक्रिया ह्यांची व्यवस्था सुधारल्यावर २०१५ च्या जानेवारीत ते दार उघडले. उलटपक्षी, अमेरिकेचे जे दार १९८९ पासून बंद होते, ते २००७ साली उघडले ते लासलगावच्या विकिरण केंद्रामुळे. एक दार माशीने लाविले, दुसरे शास्त्राने उघडिले. ह्याहून स्पष्ट हिशेब व्यापाऱ्यापुढे दुसरा कोणता मांडावा?

आता उपायाकडे वळू. आपल्याकडे कोणतेही गाऱ्हाणे ‘सरकारने करावे’ ह्या दोन शब्दांत संपविण्याची चाल पडली आहे. सरकारने करावे हे खरेच. कर घेणाऱ्याचे ते कर्तव्य आहे आणि त्यातून त्यास मोकळे सोडावे असे आम्ही कधीही म्हणणार नाही. परंतु ज्या कामाचा पैसा सर्वस्वी दुसऱ्याच्या थैलीतून येतो त्या कामाचे प्रश्नही दुसराच ठरवितो. विद्यापीठातील संशोधकाने कोणता विषय घ्यावा हे पदवीच्या सोयीने किंवा दिल्लीच्या योजनेने ठरते. देवगडच्या बागाईतदारास फुलकिड्यांनी अलीकडील हंगामांत हैराण केले, फवारणीमागून फवारणी केली तरी ते हटेनात. ह्या त्याच्या प्रश्नास पहिल्या पाटावर बसविण्याचा अधिकार त्यास कोणी दिला आहे? वादी स्वतः न्यायालयात उभा राहिला नाही, तर दाव्याची सुनावणी व्हावी कशी?

बाहेर देशी हा प्रश्न बागाईतदारांनी कसा सोडविला ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडातील केंट परगण्यात ईस्ट मॉलिंग येथे १९१३ साली फळसंशोधनाचे केंद्र निघाले, ते तेथील बागाईतदारांच्या प्रेरणेने. त्या काळी सफरचंदाचे खुंट नावांच्या गोंधळात एकमेकांत मिसळले होते. हॅटन ह्यांनी ते निवडून, पारखून त्यांस क्रमांक दिले. त्यांतील नऊ क्रमांकाचा ठेंगणा खुंट आज जगभर दाट लागवडीच्या सफरचंद बागांचा आधार झाला आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९६९ साली फळ बागाईतदारांचे संशोधन मंडळ स्थापन झाले. विकलेल्या फळाच्या टनामागे बागाईतदार वर्गणी देतात आणि कोणत्या प्रश्नावर पैसा खर्च करावा हे त्यांचेच प्रतिनिधी ठरवितात. एवढ्यावर न थांबता, २०११ पासून मतदान घेऊन त्यांनी आपल्या राज्याच्या विद्यापीठास सुमारे ३ कोटी २० लाख डॉलरांचा निधी देण्याचे ठरविले. त्याच विद्यापीठाने १९९७ साली केलेल्या एका संकरातून ‘कॉस्मिक क्रिस्प’ हे सफरचंद निघाले व २०१९ च्या अखेरीस बाजारात आले. बावीस वर्षे! दरसाल अंदाजपत्रकाकडे डोळे लावून बसणाऱ्या संस्थेस इतका धीर धरता येईल काय? तो धीर तेथे बागाईतदारांच्या वर्गणीने पुरविला.

परंतु उदाहरणासाठी सातासमुद्रांपलीकडे जाण्याची गरजच नाही. १९७५ साली सहकारी साखर कारखान्यांच्या ऊस उत्पादकांनी पुण्याजवळ मांजरी येथे जी संस्था उभी केली, ती आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून सर्वांस परिचित आहे. गाळलेल्या उसाच्या टनामागे कारखाने तीस वर्गणी देतात. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ १९६० पासून चालू आहे. पाण्याच्या टंचाईस व खारवट जमिनीस तोंड देणाऱ्या ‘डॉगरिज’ खुंटावर आपल्या द्राक्षवेली चढविण्याचे काम ह्या राज्यातील बागाईतदारांनी ज्या झपाट्याने केले, ते चर्चासत्रे, शिवारफेऱ्या व परस्परांच्या बागा पाहणे ह्यांची सवय असल्यामुळेच. उसास जे साधले, द्राक्षास जे साधले, ते आंब्यास व संत्र्यास का साधू नये? मराठी मनुष्यास एकजूट करिता येत नाही, ही सबब निदान मांजरीच्या रस्त्याने जाऊन आलेल्याने तरी सांगू नये.

आमची सूचना अशी आहे. आंबा बागाईतदारांनी पेटीमागे व संत्रा बागाईतदारांनी क्विंटलामागे एक-दोन रुपयांची वर्गणी स्वतः होऊन स्वतःवर बसवावी, आणि खरेदीदार व्यापाऱ्याने तितकीच रक्कम त्यात घालावी. कारण निरोगी झाडाचा नफा दोघांसही होतो. जितका निधी जमेल तितकी रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून देण्याचे वचन द्यावे. निधीच्या मंडळात बागाईतदारांचे बहुमत असावे, आणि वर्गणी जरी पेटीमागे असली तरी मत माणशी एकच असावे. म्हणजे वीस कलमांचा धनी दोन हजार कलमांच्या धन्याच्या पंक्तीस बसेल. प्रयोग केवळ केंद्राच्या कुंपणात न होता तालुक्या-तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या बागांत व्हावेत. त्यांचे निकाल मराठीत व सोप्या शब्दांत छापावेत, आणि जे प्रयोग फसले त्यांचेही निकाल छापावेत. काय करू नये हे कळणे हाही मोठाच लाभ आहे. ज्या रोपवाटिकेपाशी तपासलेली मातृझाडे आहेत तिचीच कलमे घ्यावीत व तिची नावनिशी मंडळाने दरसाल प्रसिद्ध करावी. आणि बागा कराराने देणाऱ्यांकरिता मंडळाने एक नमुनेदार करारपत्र तयार करावे.

ह्यावर दोन आक्षेप येतील हे आम्हांस ठाऊक आहे. पहिला हा की, अवकाळी पावसाने व कर्जाने आधीच वाकलेल्या लहान शेतकऱ्यावर हा नवा बोजा कशाला? उत्तर सोपे आहे. वर्गणी पेटीमागे आहे. ज्या साली फळ नाही त्या साली वर्गणीही नाही. एका पेटीतील एक फळ सडले तरी जे नुकसान होते ते ह्या वर्गणीहून अधिक आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निधी जमला की त्याभोवती पुढारी जमतात, खुर्च्या जमतात, मोटारी जमतात, आणि संशोधन बिचारे दाराबाहेर उभे राहते. ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. ह्या राज्यातील सहकाराच्या इतिहासात तिला पुरावा भरपूर सापडेल. परंतु चोर येतील म्हणून कोणी घर बांधावयाचे सोडीत नाही. दारास कडी घालितो. हिशेब दरसाल जाहीर छापणे, मंडळावरील मुदत मर्यादित ठेवणे, कार्यालयाच्या खर्चास ठराविक कमाल मर्यादा घालणे आणि काही वर्षांनी बागाईतदारांचे मत पुनः घेऊन वर्गणी चालू ठेवावी की बंद करावी हे ठरविणे, ह्या त्या कड्या होत. ज्याच्या हाती वर्गणी बंद करण्याचा अधिकार आहे, त्याचे ऐकल्यावाचून कोणत्याही मंडळास गत्यंतर उरत नाही.

डाळिंबाच्या बागाईतदारांनी तेल्या रोगाने जे पाहिले ते इतरांनी विसरू नये. एकाच जातीच्या मागे सर्व प्रदेश लागला, एका बागेतील कलमे दुसऱ्या बागेत विनातपासणी गेली, आणि रोगाने गावेच्या गावे पादाक्रांत केली. कित्येकांनी उभ्या बागा उपटून टाकिल्या. सोलापुरास डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ साली निघाले खरे, पण तोवर आग घराच्या आढ्यास लागली होती. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही रीत झाडांच्या बाबतीत फार महाग पडते. कारण विहिरीस पाणी एका उन्हाळ्यात लागेल, झाडास फळ लागावयास वर्षे जावी लागतात.

आमच्या व्यापारी वाचकांस शेवटी एवढेच विचारावयाचे आहे. आपल्या पेढीवर जो माल येतो तो आणखी वीस वर्षांनीही यावा अशी आपली इच्छा आहे की नाही? असल्यास त्या वीस वर्षांची तजवीज आजच्या पेटीपासून झाली पाहिजे. आणि बागाईतदारांस आमचे सांगणे असे की, झाड आपले आहे, नुकसान आपले आहे, तर प्रश्नही आपणच विचारिला पाहिजे. येता हंगाम संपण्यापूर्वी देवगड, रत्नागिरी, काटोल, वरूड ह्यांपैकी एखाद्या ठिकाणच्या शंभर बागाईतदारांनी एकत्र बसून पेटीमागच्या पहिल्या रुपयाचा ठराव केला, तर सरकारच्या दारी अर्ज घेऊन उभे राहण्याची पाळी त्यांजवर येणार नाही. सरकारच त्यांच्या बैठकीस येईल. असा ठराव कोठेही झाला तर तो ह्या पत्रात प्रसिद्ध करण्यास व त्याच्या हिशेबावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवण्यास आम्ही बांधलेले आहो.